गंधर्व-खुज्यांचा नववा अध्याय

२० मार्च १९९६, बुधवार. गुढीपाडवा.

आज प्रातःकाळी मारुतीच्या पारावर बाड उघडले. पाडव्यास उघडावे व आखजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, मिटावे, ही आमच्या वडटाकळीची रीत आहे. माझ्यानंतर जो कोणी वाचनकार होईल त्याच्या माहितीसाठी यंदा ही वही लिहिण्याचे ठरविले आहे. बोलणारा जसा बोलला तसेच लिहीन. त्यात सुधारणा करणार नाही.

माझे नाव पुंजाराम, वय चौऱ्याहत्तर. निजामाच्या अमदानीत अंबडच्या शाळेत चौथी पहिल्या नंबराने उत्तीर्ण झालो. एकोणचाळीस वर्षे हे बाड मी वाचीत आहे व एकदाही चुकलो नाही.

बाडात दोन जातींचे वैर आहे. गंधर्व उंच, गोरे, म्हातारपण नसलेले, झाडांवर राहणारे. खुजे बुटके, दाढीवाले, जमिनीखाली लोखंड घडविणारे. खुज्यांनी कोळशासाठी खालून झाडांची मुळे तोडली, तेथून युद्धास आरंभ झाला. खुज्यांचा राजा लोहमुख म्हणतो,

तुमच्या मुळ्या आमच्या छपरी । लोंबती अंधारल्या घरी ।
घरी आले ते घरधन्याचे तरी । न्याय कोणता गंधर्वा ॥

त्यावर गंधर्वराज मेघांग उत्तर देतो,

झाड आमुचा थोरला भाऊ । त्याचे पाय तू लागलास खाऊ ।
तुझ्या भात्यासी आग लावू । बिळात कोंडू खुज्या तुला ॥

आखजीस नवव्या अध्यायाची सोंगे निघतात. त्यांत वरली गल्ली गंधर्व होते व खालची गल्ली खुजे. माझा मुलगा बद्रीनाथ हा मेघांग. माझा जावई कचरू हा लोहमुख. माझी कन्या नंदाबाई गावातल्या गावात खालच्या गल्लीत दिलेली आहे. खुजे होणाऱ्यांची पोटरी मांडीस पटक्याने घट्ट बांधतात, म्हणजे त्यांना उठता येत नाही. तसेच उकिडवे चालत त्यांनी वेशीपासून पारापर्यंत सहाशे पावले यावयाचे असते. पाराखाली लोहमुखाच्या पाठीवर पोत्याची गादी बांधून मेघांग त्यास सागाच्या काठीने एकवीस घाव घालतो. मी एक ओवी वाचावयाची, हलगी वाजावयाची, घाव पडावयाचा. वाचन चालू आहे तोवर घाव थांबत नाही. वाचन थांबले की काठी हवेत असली तरी खाली येत नाही. मात्र वाचनकाराने अध्याय अर्धा सोडल्यास गावावर अवर्षण येते, म्हणून आजवर कोणीही सोडलेला नाही.

आज बाडास हळदकुंकू वाहिल्यावर कचरू पुढे आला आणि त्याने आपला पटका घडी करून बाडाशेजारी ठेवला. म्हणाला, "मामा, यंदा ह्यो पटका मी बांधणार न्हाई."

मी विचारले, "आजारी आहेस काय?"

"बिलकुल न्हाई. चौदा वर्षं रांगलो. आता उभ्यानं येईन."

त्याचा धाकटा भाऊ सर्जेराव मागून बोलला, "न्हाईतर यंदा बद्रीभाऊला रांगू द्या. त्यांची ढेरी जमिनीला लागती का ते बघू."

खालची गल्ली हसली. बद्रीनाथने पार उतरून सर्जेरावाची गचांडी धरली. मी दोघांना दूर केले. पटका मी घरी आणला आहे. आखजीपर्यंत कचरूचे डोके ठिकाणावर येईल.

२४ मार्च, रविवार.

नंदाबाई आली. आईने दिलेल्या पाटावर बसली नाही.

"आबा, त्यांचे गुडघे तुम्ही बघितलेत का? आखजीनंतर दोन महिने संडासला बसता येत न्हाई त्यांना. मी धरून बसवते."

मी म्हणालो, "लोहमुखाचा मान आहे तो. मान सोसावा लागतो."

"मंग दादाला द्या ना तो मान."

मी तिला समजावून सांगितले की बाडात लिहिलेले माझ्याने बदलता येत नाही. तिने बराच वेळ बाडाच्या कापडाकडे पाहिले. "सगळं लिहिल्यालंच वाचता ना तुम्ही?" असे तिने विचारले.

मी "होय" म्हणालो.

"दादा रागात हाये आबा. त्यानं ह्यांना मारलं, आन् ह्यांच्या भावानं दादाला मारलं, तर मी कुणाच्या दारात रडू? तुम्ही एक शब्द टाका. फक्त उभं राहू द्या म्हणा. मार खायला ते तयार हायेत."

मुलींनी या गोष्टीत बोलू नये. तसे मी सांगितले. ती पाणी न पिता गेली. द्वारकाबाईने, म्हणजे माझ्या पत्नीने, दिवसभर माझ्याशी भाषण केले नाही. भाकरी मात्र वेळेवर वाढली.

३१ मार्च, रविवार.

सोंगांच्या तालमीत रक्त सांडले. खालच्या गल्लीचे चौदा जण पटके न बांधता उभे आले. मी वाचनास आरंभ केला नाही, परंतु बद्रीनाथने थांबावयास हवे होते. "बुटक्यांनो, खाली बसा!" असे म्हणत त्याने पहिल्याच इसमाच्या नडगीवर काठी हाणली. हाडाचा आवाज पारावर ऐकू आला. त्याबरोबर सर्जेरावाने हातातला बाभळीचा हातोडा आमच्या अप्पारावांच्या तोंडावर मारला. अप्पाराव हे वरल्या गल्लीचे कारभारी, माझ्याच वयाचे. त्यांचे समोरचे चार दात पडले. दोन सापडले, दोन मातीत गेले.

विशेष असे की मारताना दोन्ही बाजूंनी बाडातल्याच शिव्या दिल्या. "मूळखाऊ", "बिळातल्या उंदरा", "पानावरच्या माकडा". माझी शिकवण इतकी मुरली आहे हे ऐकून क्षणभर बरे वाटले. तसे वाटावयास नको होते.

४ एप्रिल, गुरुवार. हनुमान जयंती.

पारावर सभा झाली. खालच्या गल्लीने कचरूची आजी झुंबरबाई हिला पाटीत बसवून आणले होते. तिची नव्वदी उलटली असावी. दिसत नाही, परंतु आवाज खणखणीत आहे.

ती म्हणाली, "माझा सासरा गंधर्व व्हता. मोरपिसाचा टोप मी सोता शिवल्ता. तवा ही वरली गल्ली रांगत आल्ती. ह्या पुंजारामचा बाप माझ्या सासऱ्याच्या पायाशी कण्हत व्हता. मी डोळ्यानं बघितलं हाये."

अप्पाराव तोंडास फडके धरून म्हणाले, "आजी, डोळे गेले तुमचे, आता सपान बघून राह्यल्या."

"डोळे आत्ता गेले रे. तवा व्हते."

मोठा हशा झाला. नंतर सर्वांनी माझ्याकडे पाहिले. कचरूने हात जोडून विचारले, "मामा, तुम्ही खोटं बोलत न्हाई. बाडात काय हाये ते सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मानतो. रांग म्हणाल तर रांगतो."

मी बाड उघडून नवव्या अध्यायाचे शेवटचे पान सर्वांस दाखविले व वाचले. एकविसाव्या घावानंतर समाप्ती आहे. मी वाचले त्यात एक अक्षर खोटे नव्हते.

कचरूने जोडलेले हात सोडले. म्हणाला, "बराबर. पण मंग मी रांगणार न्हाई. तुमचा शब्द मोडला म्हणा."

५ एप्रिल, शुक्रवार.

झोप लागली नाही. खरे ते लिहितो.

रझाकारांच्या धामधुमीत सोंगे बंद पडली ती सन सत्तावन्नपर्यंत. जुने वाचनकार त्या अवधीत वारले. जुन्या बाडास वाळवी लागली होती, म्हणून त्याची नक्कल करण्याचे काम मला मिळाले, कारण गावात माझे अक्षर उत्तम. मूळ बाडात एकविसाव्या घावानंतर आणखी अकरा ओव्या होत्या. त्यांपैकी एक अशी,

तप सरता फिरवा सोंग । खुज्याने ल्यावे गंधर्व-अंग ।
गंधर्वे सोसावा भुईचा संग । तेव्हा कळे दोघांसी ॥

म्हणजे दर बारा वर्षांनी गल्ल्यांनी पालट करावी. हिशोबाने सत्तावन्न साली आमची गल्ली खुजे होणार होती. माझे वडील तेव्हा पासष्ट वर्षांचे होते, घराण्याचा मान म्हणून तेच लोहमुख झाले असते आणि त्यांचे गुडघे गेलेले होते. त्या ओव्यांवर वाळवीचे दोन डागही होते. मी त्या उतरविल्या नाहीत. जुने बाड गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडले. ज्यांना पालट आठवत होती त्यांना नवे बाड दाखविले.

वडिलांसाठी मुलाने एवढे करणे योग्यच होते. वडील वारल्यावर पालट सांगता आली असती, हेही खरे. परंतु तेव्हा बद्रीनाथ टोप घालून नाचू लागला होता व तो फार शोभून दिसत असे.

नंदाबाईने जे विचारले त्याचे उत्तर मी "होय" असे दिले. ते उत्तर योग्य आहे. लिहिलेले सर्व मी वाचतो.

१३ एप्रिल, शनिवार.

गंधर्वांचे टोप ज्या कोठीत होते ती कोणी पेटविली. सोळा टोप, सर्व मोरपिसे, माझ्या हातचे रंगविलेले बाजूबंद जळाले. द्वारकाबाईला कोठीत जळालेली मांजर सापडली. तिची चार पिल्लेही होती.

संध्याकाळी बद्रीनाथ ओसरीवर बसून नवी काठी घासत होता. तिच्या टोकास त्याने शहागडच्या लोहाराकडून लोखंडी शेंबी बसवून आणली आहे, बोटभर जाड.

मी म्हणालो, "सागाची काठी असे लिहिले आहे."

"सागाचीच हाये, आबा. शेंबी लावू नये असं कुठं लिहिलंय?"

तसे खरोखरच कोठे लिहिलेले नाही.

तो म्हणाला, "दाजी उभा आला तर त्याला बसवतो. तुम्ही फक्त वाचा. तुम्ही वाचत राह्यले की मला बळ येतं."

हे ऐकून मला भरून आले. एवढे माझ्याशी तो कधी बोलत नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार.

अप्पाराव अंबडला जाऊन आले. निवडणुकीच्या बंदोबस्तामुळे पोलीस मिळत नाहीत. एक शिपाई पाठवितो म्हणाले. सोंगे बंद ठेवा असाही निरोप मिळाला. सोंगे बंद ठेवणे गावाच्या हातात नाही, माझ्या तर नाहीच नाही.

द्वारकाबाई म्हणाली, "ताप आला म्हणा. अंथरुणात पडून राहा. वाचणारा न्हाई तर घाव न्हाई." बायकांना सर्व सोपे वाटते. मला ताप आलेला नाही.

२० एप्रिल, शनिवार. अक्षय्य तृतीया.

अध्याय पूर्ण झाला. एकवीस. एकही ओवी गळाली नाही. आज अधिक लिहीत नाही.

२२ एप्रिल, सोमवार.

जसे घडले तसे लिहितो.

सकाळी आठ वाजता वेशीवर हलगी वाजली. खालच्या गल्लीचे तीस जण आले, सर्व उभे. सर्वांत पुढे कचरू. अंबाडीची दाढी लावलेली, कमरेस कातडे, हातात लाकडी हातोडा. पाय मोकळे. लोक छपरांवर चढले होते. कोणी ओरडले नाही. त्याच्या पायांचा आवाज मला पारावर ऐकू येत होता. एकोणचाळीस वर्षांत लोहमुखाच्या पावलांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घसटण्याचा ऐकला होता.

पाराखाली येऊन त्याने हातोडा जमिनीवर ठेवला. मला नमस्कार केला.

"मामा, मी आलो हाये. एकवीसच्या एकवीस घेतो. एक कमी करू नका. पण उभ्यानं घेईन. वाचा."

बद्रीनाथ म्हणाला, "दाजी, खाली बसा. चारचौघात माझ्या बहिणीचं कुंकू म्हणून सांगून राह्यलो."

"बसत न्हाई, मेव्हणे. तुम्ही बी या कधी खाली, बसून दाखवा. मंग बसतो."

छपरावरून कोणी म्हणाले, "लोहमुखाला पाय फुटले रे!" हशा झाला. बद्रीनाथचा चेहरा सफेद्याखाली दिसत नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिले.

त्या वेळी मी काय विचार केला तो प्रामाणिकपणे नमूद करतो. माझा आवाज ऐकला की माणसे आपापल्या जागी येतात असा माझा आजवरचा अनुभव होता. मी वाचू लागलो की कचरू सवयीने बसेल, असे मला वाटले. मी पहिली ओवी वाचली.

पहिला घाव पाठीवर पडला. गादी बांधलेली नव्हती, कारण गादी बसल्यावर बांधतात. कचरू पुढे झुकला, पुन्हा ताठ झाला. दुसरी ओवी. दुसरा घाव बद्रीनाथने पाठीवर न घालता उजव्या गुडघ्यावर घातला. शेंबी लागली. कचरू ओरडला नाही, एका पायावर उभा राहिला. तिसरी ओवी. तिसरा घाव त्याच गुडघ्यावर. वाटीचे हाड बाहेर आलेले मी पाहिले. तेव्हा तो बसला.

तो बसला तेव्हा अध्याय जसा असावयास हवा तसा झाला होता. मी चौथी ओवी वाचली.

चौथा, पाचवा, सहावा. कचरू पालथा होता. घाव कोठे पडत होते ते मी सांगू शकत नाही, कारण वाचनकाराने पानावरून डोळे काढावयाचे नसतात. घाव मला ऐकू येत होते. पोत्यावर पडणारा घाव आणि उघड्या अंगावर पडणारा घाव यांच्या आवाजात फरक आहे. नंदाबाईचा आवाज आला, "आबा, मिटा! बाड मिटा!" सातव्या ओवीत शब्द असे आहेत,

सातवा घाव मानेवरी । भुई भिजली बोटभरी ।
खुजा म्हणे रे कैवारी । कोण मजसी भूतळी ॥

या ओवीनंतर कैवारी आले. खालची गल्ली एकदम पुढे सरकली. लाकडी हातोड्यांनी आमच्या पोरांची डोकी फुटू लागली. नवव्या ओवीस हलगीवाला हलगी टाकून पळाला. तेव्हापासून मीच मोठ्याने "घाव दहावा", "घाव अकरावा" असे मोजले. लोक मारतच होते. अंबडहून आलेला शिपाई शिट्टी फुंकीत होता. ती शिट्टी मला डफावरच्या तालासारखी वाटली.

चौदाव्या ओवीस सर्जेराव लोहाराचा खरा घण घेऊन आला. हे मी पाहिले, कारण तेव्हा मी पानावरून डोळे काढले. बद्रीनाथची पाठ त्याच्याकडे होती. बद्रीनाथने काठी उचललेली होती व तो माझ्याकडे पाहत होता. पुढच्या ओवीची वाट पाहत होता. एकोणचाळीस वर्षांची रीत अशी की वाचन थांबले तर काठी थांबते आणि मेघांग मागे वळून लोकांस नमस्कार करतो. मी थांबलो असतो तर तो वळला असता. त्याने घण पाहिला असता.

मी पंधरावी ओवी वाचली.

घण त्याच्या उजव्या कानामागे बसला. तो पाराच्या पायरीवर पडला. त्याचा कागदाचा नवा टोप गडगडत माझ्या पायाशी आला. पुढे सहा ओव्या उरल्या होत्या. त्या मी वाचल्या.

२५ एप्रिल, गुरुवार.

बद्रीनाथ मंगळवारी सकाळी जालन्याच्या सरकारी दवाखान्यात वारला. शुद्धीवर आला नाही. आज राख सावडली.

त्याच दवाखान्यात त्याच व्हरांड्यात कचरू आहे. दोघांच्या खाटांमध्ये चार खाटा होत्या. सोमवारी मी दोन वाजेपर्यंत तेथे बसलो होतो. नंदाबाई भावाच्या तोंडावरचे फडके ओले करून ठेवी, मग उठून नवऱ्याच्या पायाखालची गोधडी बदली, मग पुन्हा भावाकडे येई. भावाच्या खाटेजवळ वरल्या गल्लीची माणसे तिला पाहून तोंड फिरवीत. नवऱ्याच्या खाटेजवळ खालच्या गल्लीची माणसे फिरवीत. डॉक्टरांनी कचरूचा पाय गुडघ्यावरून काढावा लागेल असे सांगितले, तेव्हा तिने फक्त "कुठला?" असे विचारले. उजवाच, हे तिला ठाऊक होते.

माझ्याकडे ती एकदाही आली नाही. मी बाकावर होतो. तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेतच तो बाक होता.

सर्जेराव कोठडीत आहे. बद्रीनाथचे प्रेत गावात आले त्या दुपारी वरल्या गल्लीने खालच्या गल्लीतील कडब्याच्या नऊ गंजी पेटविल्या. दोन बैल दाव्यासकट भाजले. त्यांचा हंबरडा स्मशानात ऐकू येत होता. अग्नी देताना मंत्र नीट ऐकू आले नाहीत.

६ मे, सोमवार.

काल तेरावा झाला. आज अप्पाराव व वरल्या गल्लीचे आठ जण आले. चहा झाला. दात नसल्याने अप्पारावांचे बोलणे फसफसते.

"पुंजाराम, मेघांग मेला म्हणून कथा संपत न्हाई. दहावा अध्याय लिव्हा. गंधर्व बिळात उतरतात, एकेका खुज्याला वर वढून काढतात. तुमच्या हातानं लिव्हलं तर पोरं जीव देतील. पुढल्या आखजीला वाचा. लाकडी काठ्या न्हाईत ह्या टायमाला."

मी विचारले, "पोरे कोणाचा जीव देतील?"

"म्हंजी?"

"आपला की दुसऱ्याचा?"

एक तरुण म्हणाला, "आबा, बद्रीभाऊ तुमचा मुलगा व्हता की न्हाई?"

हा प्रश्न मला कोणी विचारील असे वाटले नव्हते. मी त्यांना सत्तावन्न सालच्या अकरा ओव्यांविषयी सांगितले. सर्व सांगितले. वडिलांच्या गुडघ्यांसह. मग अप्पाराव म्हणाले, "तुमच्या डोक्यावर परिणाम झाला. ह्ये भायेर बोलू नका. खालच्या गल्लीला कळलं तर केस उलटी पडंल." उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला.

द्वारकाबाई दारामागे होती. ती म्हणाली, "मला ठाऊक व्हतं. सत्तावन्नला तुम्ही नक्कल करून राह्यले तवा दिवा मीच धरल्ता. मला वाचता येत न्हाई, पण पानं मोजता येतात."

९ मे, गुरुवार.

जीपने शहागडच्या फाट्यापर्यंत व तेथून बसने अंबडला गेलो. पोलीस ठाण्यात फौजदारांपुढे माझी जबानी दिली. मी ती घरूनच शुद्ध लिहून नेली होती. त्यात तीन कलमे होती. पहिले, पालटीच्या ओव्या मी गाळल्या, त्यामुळे खालची गल्ली चोवीस वर्षे विनाकारण रांगली. सन एकोणसत्तर ते एक्क्याऐंशी ही बारा वर्षे तीच खुजी राहिली असती, परंतु त्याआधीची बारा व नंतरची बारा नव्हे. दुसरे, दुसऱ्या घावापासून वाचन थांबविणे मला शक्य होते व थांबविले असता मारहाण थांबली असती. तिसरे, पंधरावी ओवी वाचली तेव्हा घण मला दिसत होता.

फौजदार तरुण होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "बाबा, तुमच्या हातात त्या वेळी काय होतं?"

"बाड."

"काठी? दगड?"

"नाही. बाड."

"मग मी काय लिहू? पोथी वाचणं हा गुन्हा नाही. मुलगा गेला, म्हणून मनाला लावून घेताय. जा घरी. आराम करा."

मी म्हणालो, "साहेब, प्रत्येक घाव माझ्या हुकमाने पडला आहे. हुकूम देणाऱ्याचे नाव कागदावर आले पाहिजे."

"तुम्ही काय राजे आहात का?" ते हसले नाहीत, परंतु लिहिणारा शिपाई हसला. माझा कागद त्यांनी परत दिला. त्यावर चहाच्या कपाचा गोल उमटला होता.

माझा असा अपमान आजवर कोणी केला नव्हता. बसमध्ये मला जागा मिळाली नाही. शहागडच्या फाट्यापर्यंत उभा आलो.

१० मे, शुक्रवार.

सकाळी अंघोळ करून, तोच कागद घेऊन, खालच्या गल्लीत गेलो. मुलगी दिल्यापासून एकवीस वर्षांत तिच्या घरी गेलो नव्हतो. मानकऱ्याने खालच्या गल्लीत जावयाचे नसते असा माझा समज होता. कोणी अडविले नाही. एका म्हातारीने मला पाहून दार लावले. जळालेल्या गंजींची राख अजून वाटेवर आहे. पायातल्या वहाणा काळ्या झाल्या.

नंदाबाई अंगणात गोवऱ्या रचीत होती. मी कागद पुढे केला. तिला सातवीपर्यंत मीच शाळेत पाठविले आहे. तिने उभ्यानेच सर्व वाचला. दुसऱ्या कलमावर थांबली, पुन्हा वाचला. घडी घालून परत दिला.

मी म्हणालो, "त्यांनी हे लिहून घेतले नाही."

"न्हाई घेणार."

"तू सांग, यात काही उणे आहे काय?"

तिने हात पदराला पुसले. "दादा तुमच्याकडं बघून राह्यला व्हता, त्ये लिव्हलं न्हाई तुम्ही."

ते खरोखरच राहून गेले होते. कागद गुडघ्यावर ठेवून लिहावे म्हणून मी खिशात लेखणी शोधली. सापडली नाही. आतून खाट करकरली आणि दवाखान्यातून घरी आणलेल्या कचरूचा आवाज आला. आवाज पूर्वीचाच आहे.

"कोन आलंय गं?"

नंदाबाईने माझ्याकडे पाहिले. मी वाट पाहत होतो.

"बाड वाचणारे आलेत," ती म्हणाली, आणि गोवऱ्यांची पाटी उचलून आत गेली.